खंडेनवमीची स्प्रिंग

बोर्ली पंचतनच्या बाजारात कुणालाही विचारा, भागोजी काय करतो, तर उत्तर ठरलेलं: "इस्क्रू चमकवतो." वर सांगणाऱ्याच्या तोंडावर हसू. साठीला टेकलेला माणूस घरामागच्या पत्र्याच्या पडवीत स्टुलावर बसतो आणि मुगाच्या दाण्याएवढे स्क्रू दात घासायच्या ब्रशानं घासतो, याची लोकांना गंमत वाटायची. वाटेना का. भागोजीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. परळच्या एका कारखान्यात त्यानं एकोणतीस वर्षं लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवण्यात काढली होती. आपल्या हातातून गेलेला साधा खिळासुद्धा दहा वर्षं गंज धरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेवढा ताठा त्याच्यात होता. होता म्हणजे चांगलाच होता.

गावी आल्यावर हे काम मिळालं ते सदामुळे. सदा त्याचा शाळेतला सोबती आणि पुढे साडू. भागोजीच्या बायकोची, मनुबाईची, थोरली बहीण गोदूबाई सदाला दिलेली. सदानं एस.टी.त अठ्ठावीस वर्षं गाडी हाकली. घाट, वळणं, पावसाळे, आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या कोंबडीलासुद्धा धक्का लागला नाही. हे तो स्वतःच सांगायचा, रोज सांगायचा, आणि ऐकणारे जांभया देत का होईना मान डोलवायचे, कारण ते खरं होतं. निवृत्त झाल्यावर दिवेआगरच्या विनेशशेठनं त्याला ठेवून घेतलं. शेठ मुंबईचा व्यापारी. समुद्राकाठी बंगला, बंगल्यामागे शेड आणि शेडमध्ये पाच जुन्या मोटारी, सगळ्या शेठच्या बापाच्या वयाच्या. शनिवारी शेठ यायचा, एखादी गाडी बाहेर काढायला लावायचा, आणि सदा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ती चालवायचा.

खाऱ्या वाऱ्यानं त्या गाड्यांच्या कार्बोरेटरांची रया गेली होती. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. भांडं ॲल्युमिनियमचं, ते धुतलं की झालं. पण त्याच्यावरचे स्क्रू, दांड्या, चिमटे, स्प्रिंगा लोखंडाच्या, त्या गंजून लाल. मुंबईच्या मेकॅनिकनं "नवीन टाका" म्हणून हात झटकले. सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीचा नवीन स्क्रू आणणार कुठून, हे काही त्यानं सांगितलं नाही. तेव्हा सदा म्हणाला, "शेठ, माझा एक साडू हाय." आणि टॉवेलात गुंडाळून पहिला कार्बोरेटर घेऊन तो भागोजीच्या दारात उभा राहिला.

शेठला आधी सगळं आरशासारखं लखलखीत हवं होतं. भागोजीनं साफ नाही म्हणून सांगितलं. "ही गाडी कारखान्यातनं निघाली तवा हे इस्क्रू पिवळसर व्हते, कडेला जराशी मोरपंखी झाक. तसेच करून देईन. म्हातारीला नवरीचा शालू नेसवायचं काम मी करत न्हाय." शेठ हसला आणि म्हणाला, "भागोजीभाई, तुम्ही बोलाल तसं." पुढे मुंबईला जुन्या मोटारींच्या एका प्रदर्शनात परीक्षकांनी बॉनेट उघडलं, त्या स्क्रूंवरून बोट फिरवलं आणि विचारलं की हे कुणी केलं. शेठनं भागोजीचं नाव सांगितलं. सदानं परत आल्या आल्या ती बातमी दिली, तेव्हा भागोजी नुसता हं म्हणाला. पण रात्री जेवताना त्यानं दोनदा आमटी मागून घेतली.

या कामात एकाच ठिकाणी हयगय चालत नाही, ती म्हणजे स्प्रिंग. गंज काढायला लोखंड तेजाबात बुडवावं लागतं, मग मुलाम्याच्या टाकीत सोडावं लागतं. या दोन्ही ठिकाणी पोलादाच्या पोटात वायू शिरतो. स्क्रूला त्याचं काही वाटत नाही, पण कायम ताणात राहणाऱ्या स्प्रिंगला तो आतून खातो. म्हणून मुलामा चढला की लगोलग, चार तासांच्या आत, स्प्रिंग भट्टीत घालायची आणि चार तास भाजायची. वायू निघून जातो. उशीर केला की मग भाजून उपयोग नाही. वरून कितीही देखणी दिसली तरी ती आतून ठिसूळ झालेली असते, आणि कधी दगा देईल ते सांगता येत नाही. भागोजी यासाठी केक भाजायचा एक छोटा ओव्हन वापरायचा. मुलीनं, विनितानं, तो आईला पाठवला होता. मनुबाईनं त्यात एकदाच केक केला, तोही करपला, आणि ओव्हन पडवीत आला.

गेल्या वर्षी खंडेनवमीला काय झालं ते आता सांगतो. शेठच्या हिरव्या गाडीचं काम चालू होतं आणि मेकॅनिक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून येणार होता. काम अष्टमीलाच उरकायचं होतं, पण त्या दिवशी वीज गेली ती गेलीच. नवमीला सकाळी आली. भागोजीनं घाईघाईनं उरलेले तुकडे टाकीत सोडले. तीस वर्षांत त्यानं खंडेनवमीला कामाला हात लावला नव्हता. परळच्या कारखान्यातसुद्धा त्या दिवशी टाक्या थंड असायच्या आणि यंत्रांना हार घातलेले असायचे. त्यामुळे हात चालत होते तरी मन खात होतं. साडेबाराला त्यानं माल बाहेर काढला. त्यात ॲक्सिलेटरची स्प्रिंग होती. करंगळीएवढी वस्तू, पण चालकानं पाय उचलला की इंजिनाचा जोर बंद करते ती हीच, आणि त्या गाडीत ती एकच.

ओव्हन घ्यायला तो वळला तर ओव्हन जागेवर नाही. माजघरात मनुबाईनं पूजा मांडली होती. पाटावर कोयता, विळी, पहार, भागोजीची पकड, पाने, आणि मधोमध धुऊनपुसून लख्ख केलेला ओव्हन. त्याच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूची माळ. टाकीला वीज पुरवणाऱ्या चार्जरसाठी शेजारी जागा रिकामी ठेवलेली.

"मनू, ओव्हन लागतोय मला."

"आता? निवद दाखवून झाला. उद्या उठवू की."

"चार तासांचं काम हाय."

"वर्साचा एक दिवस हाय त्यांचा. आज सकाळधरनं तुम्ही राबवलंच, मी काय बोलले का? पूजेतली वस्तू उठवायची तर तुम्ही उठवा, मी हात लावायची न्हाय." मग जरा नरमून ती म्हणाली, "उद्या चालंल ना?"

इथे भागोजी नाही म्हणू शकला असता. बाजारात पावाची भट्टी होती, ती दुपारी निवत पडलेली असते, स्प्रिंग तिथेही नेता आली असती. पण पाटावरच्या ओव्हनकडे बघून त्याचंच मन होईना. अर्धा दिवस आधीच बाटवलेला, आता देव्हाऱ्यासमोरून वस्तू ओढून काढायची? एका दिवसानं काय होतंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. एका दिवसानं काय होतं ते त्याच्याइतकं त्या तालुक्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"चालंल," तो म्हणाला, आणि चार्जर नेऊन रिकाम्या जागेवर ठेवला.

दसऱ्याला सकाळी त्यानं ओव्हन उठवला आणि स्प्रिंग चारच्या जागी सहा तास भाजली. मेलेल्या माणसाला दुप्पट औषध पाजण्यातला तो प्रकार. मग रंग चढवायच्या पिवळ्या पाण्यातून काढली. झाक अशी आली की त्यालाच ती हातातून ठेववेना. संध्याकाळी सदा आपट्याची पानं घेऊन आला, दोघांनी एकमेकांना सोनं दिलं, गळाभेट घेतली, आणि जाताना सदा तुकड्यांचा डबा घेऊन गेला.

गाडी जोडल्यावर नवव्या दिवशी ते घडलं. शेठ खाडीपलीकडे आगरदांड्याला थांबला होता, आणि सदा हिरवी गाडी घेऊन दिघीच्या जेट्टीवर गाड्या नेणाऱ्या बोटीत चढायला निघाला होता. बोट लागली होती, माणसं उतरत होती. टोपल्या घेतलेल्या बाया, मोटरसायकली, कडेवर पोरं. उतारावर सदानं पाय उचलला आणि इंजिन बारीक व्हायच्या ऐवजी किंचाळलं. जुन्या गाडीचे ब्रेक ते, एवढ्या जोराला काय पुरणार? समोर माणसं. सदानं चाक डावीकडे फिरवलं आणि गाडी दगडी बांधावर घातली. एका कोळणीची टोपली उलटली, तिचं कोपर खरचटलं. बाकी कुणाला काही झालं नाही. सदाचं मनगट मोडलं, दोन बरगड्या गेल्या आणि गाडीचं तोंड चेपलं.

पाच मिनिटांत जेट्टीवर निकाल लागला: म्हाताऱ्यानं ब्रेक समजून ॲक्सिलेटर दाबला. संध्याकाळपर्यंत तो निकाल बोर्लीच्या बाजारात आला. सांगणाऱ्यांत कुणीही जेट्टीवर नव्हतं, पण सदाचा पाय कुठे होता ते प्रत्येकानं बघितलेलं होतं.

भागोजी इस्पितळात गेला तेव्हा सदा उशीला टेकून बसला होता. "पाय काढला व्हता रे मी," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "ब्रेकवरच व्हता माझा पाय. गाडी थांबंचना." विनेशशेठ तिथेच होता. त्यानं भागोजीला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "उमर झाली भागोजीभाई. होतं असं. मी काय बोललो नाही त्याला, बोलणार पण नाही." शेठ तसा वाईट माणूस नव्हता. भागोजीला मात्र तेव्हाच ती स्प्रिंग आठवली होती.

चौथ्या दिवशी शेठच्या माणसानं खोका आणून दिला. मेकॅनिकनं चेपलेल्या गाडीतून कार्बोरेटर काढला होता आणि त्याचे सगळे तुकडे खोक्यात टाकले होते, पुन्हा नीट करायला. स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते. धडकेत तुटली असणार, असं मेकॅनिकनं धरलं होतं आणि कुणालाही तसंच वाटलं असतं. भागोजीनं तुकडे उजेडात धरले. धडकेच्या ओढीनं तुटणारी स्प्रिंग आधी ताणली जाते, तिची वेटोळी फाकतात. हिची वेटोळी जशीच्या तशी होती. टोकाच्या आकड्यापाशी काच तडकावी तशी ती सरळ मोडली होती. तुटल्या जागी ठिसूळ पोलादाचा बारीक दाणा चमकत होता. सदाचा पाय ब्रेकवरच होता.

त्यानं काय करायला हवं होतं ते सांगायला नको. तुकडे खिशात घालायचे, सदाकडे जायचं, मग शेठकडे. दिघीच्या जेट्टीपासून बोर्लीच्या बाजारापर्यंत सगळ्यांना सांगायचं की चूक माझी. भागोजी स्टुलावर बसला. पाच गाड्यांचं काम जाईल हे डोक्यात आलं, पण ते खरं कारण नव्हतं. ज्या हाताबद्दल परीक्षकांनी विचारलं होतं, त्या हातानं माणूस मारायची वेळ आणली होती, हे त्याला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. तो भ्याला. याला दुसरा शब्द नाही. दोन्ही तुकडे त्यानं तेजाबाच्या बरणीत टाकले. फेस आला. तिसऱ्या दिवशी बरणीच्या तळाशी काही उरलं नव्हतं.

शेठला त्यानं तारेची नवी स्प्रिंग वळून, मुलामा देऊन दिली. ती अर्ध्या तासाच्या आत भाजली होती.

दिवाळी झाली. सदाचं प्लास्टर निघालं. शेठनं नोकरीवरून काढलं नाही, नुसतं "आराम करा" म्हणाला आणि म्हसळ्याचा दुसरा चालक ठेवला. विम्याच्या कागदावर सदानं सही केली: चालकाचा पाय चुकला. मनुबाईला हे बहिणीकडून कळलं. गोदूबाई म्हणाली, आता ते स्कूटरलाही हात लावत नाहीत, बाजारात चालत जातात, आणि रस्ता ओलांडताना माझा दंड धरतात. जेवताना अठ्ठावीस वर्षांचं ते पालुपदही बंद झालं. मनुबाईनं हे सगळं भागोजीला सांगितलं.

एका रविवारी सकाळी तो मनुबाईला घेऊन साडूकडे गेला. सदा ओटीवर खुर्चीत बसला होता आणि उजवा पाय एका फरशीवरून उचलून शेजारच्या फरशीवर ठेवत होता. उचलायचा, ठेवायचा. भागोजीला बघून तो ओशाळला.

"ह्यो ब्रेक, ह्यो ॲक्सिलेटर," फरशा दाखवत तो म्हणाला. "बघतोय, चुकतो का. धा येळा बरोबर पडतो. अकराव्या येळी मलाच भरवसा वाटत न्हाय." मग तो खोटं हसला. "पोटातनं वाटायचं रे, पाय काढला व्हता म्हणून. पण एवढी माणसं बोलतात, ती काय खोटं बोलतील? माझाच चुकला असंल. अजून जरा पुढं गेली असती तर किती पोरं गेली असती, त्याचीच भीती वाटते."

"तुझा पाय चुकला न्हाय," भागोजी म्हणाला.

आणि त्यानं सगळं सांगितलं. नवमी, वीज, पाटावरचा ओव्हन, न भाजलेली स्प्रिंग, सरळ मोडलेला आकडा. गोदूबाई चहाचे कप हातात घेऊन दारातच थांबली.

सदानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, "कुठंय ती स्प्रिंग?"

"तेजाबात टाकली मी. भ्यालो व्हतो."

सदाच्या डोळ्यांत पाणी आलं. भागोजीला वाटलं, आता हा आपल्याला खेटरानं मारणार, आणि मारलं तर बरं होईल. पण सदानं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"भागोजी, लय झालं. माझ्यापायी खोटं बोलू नको."

"खोटं? देवाशपथ सांगतोय रे..."

"देवाला कशाला मधी घालतोस? तुला मी काय आज वळखतो? तुझ्या हातनं असली चूक व्हईल? इस्क्रूसुद्धा दोनदा तपासून देणारा माणूस तू, आणि स्प्रिंग न भाजता देशील? मला बरं वाटावं म्हणून तू आपल्या हुन्नरावर आळ घेतोस. एवढं कळत न्हाय का मला?"

भागोजीनं बायकोकडे बघितलं. ती एकच साक्षीदार होती. "मनू, सांग ह्याला. ओव्हन पाटावर व्हता का न्हाय?"

मनुबाईनं आधी बहिणीकडे बघितलं. गोदूबाईचे डोळे तिच्यावरच खिळले होते. पूजा मनुबाईची होती, ओव्हन पाटावर तिनंच ठेवला होता, आणि मोडलेलं मनगट तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं होतं. तिनं पदर सारखा केला.

"ह्यांचा जीव तुटतोय तुमच्यासाठी, दाजी," ती म्हणाली. "रातचं झोपत पण न्हाईत. म्हणून असं काहीबाही बोलतात."

गोदूबाईनं डोळ्यांना पदर लावला. चहा निवला होता तो तिनं पुन्हा गरम करून आणला, आणि भागोजीला दुप्पट साखरेचा दिला. तो त्यानं प्यायला. काय करणार होता?

घरी येताना वाटेत त्यानं मनुबाईला काही विचारलं नाही. अर्ध्या वाटेवर तीच म्हणाली, "मी एकदा इचारलं व्हतं, उद्या चालंल ना म्हणून. तुम्ही चालंल म्हणालात." एवढंच. ती बोलली ते खरं होतं.

तो पुढच्या शनिवारी विनेशशेठकडेही गेला. पण सदानं आदल्याच दिवशी शेठला फोन करून सगळं सांगून ठेवलं होतं, माझा साडू येईल आणि असं असं बोलेल, त्याला काही म्हणू नका, मनानं फार हळवा आहे. शेठनं भागोजीला खुर्ची दिली, सरबत मागवलं, त्याचं सगळं बोलणं न अडवता ऐकलं, आणि खांद्यावर थोपटून म्हणाला, "भागोजीभाई, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." आणि सहाव्या गाडीचा कार्बोरेटर त्याच्यापुढे ठेवला.

मग ते बाजारात पोचलं. सदानं चालत जाऊन, बायकोचा दंड धरून, एकेका दुकानात सांगितलं. भागोजीला इस्क्रूवाला म्हणून हसणारे आता तो दिसला की बाकावर सरकून जागा देऊ लागले. वाणी त्याला आधी सामान द्यायचा. एकदा बोर्लीच्या नाक्यावर, पाच-पन्नास माणसांसमोर, सदानं त्याला गाठलं आणि दंडाला धरून सगळ्यांपुढे उभं केलं. "ह्यो बघा," तो म्हणाला. "पाय माझा चुकला, आणि ह्यो सगळं आपल्यावर घ्यायला निघाला व्हता. असा साडू कुणाला हाय?" सदाच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जुना जोर आला होता.

काहीतरी बोलायला भागोजीनं तोंड उघडलं, मग मिटलं, आणि मान खाली घातली. लोकांना तो त्याचा मोठेपणा वाटला.